दहावीचा वर्ग हातात येतोय. ‘पास झालं तरी लई झालं’ म्हणणाऱ्या मुलांना पुढचं कसं दाखवायचं?

बालाघाटची मास्तरीण

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. येत्या जूनपासून दहावीचा वर्ग माझ्याकडे आहे. ही मुलं मला आठवीपासून ठाऊक आहेत. ४१ जण आहेत. निम्म्याहून जास्त घरांतले आईवडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे सहामाहीपासून बोर्डापर्यंतचा सगळा काळ मुलं आजीआजोबांजवळ, नाहीतर एखादी थोरली बहीण घर सांभाळते.

नववीचा निकाल वाटताना मी प्रत्येकाला एकच विचारलं, पुढच्या वर्षी किती पाडणार? “पास झालं तरी लई झालं, मॅडम.” “पन्नास पडले तर पेढे देतो.” कुणी चेष्टा करत नव्हतं. खरंच तेवढंच मनात होतं.

यात एक मुलगी आहे. मी गतीचे नियम शिकवत होते तेव्हा तिनं हात वर केला. म्हणाली, “मॅडम, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या की चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलत्यात, ती कशामुळं?” पुस्तकात याचं उत्तर सरळ दिलेलं नाही. आम्ही दोघींनी फळ्यावर ट्रॅक्टर काढला, बलांचे बाण काढले, ओढ कुठे लागते आणि वजन कुठे पडतं ते बघितलं, त्यातच तास संपला. शेवटच्या बाकावरची पोरंही उठून पुढं आली होती, कारण ते दृश्य त्यांनी रोज बघितलंय. अशी मुलगी “साठ पडले तरी बास” म्हणते तेव्हा माझ्या पोटात तुटतं.

आमच्याकडे दरवर्षी जूनमध्ये बाहेरचे पाहुणे बोलावून मार्गदर्शन शिबिर होतं. मोठी स्वप्नं बघा, जिद्द ठेवा, टाळ्या, नारळ. आठ दिवसांत वर्ग पुन्हा होता तसा. मुख्याध्यापक यंदाही तेच ठरवताहेत. त्याऐवजी, किंवा त्यासोबत, जून-जुलैत नेमकं काय करावं?

अजून एक मनात घोळतंय. ज्या घरात पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत, तिथल्या लेकराला नव्वद टक्क्यांचं स्वप्न दाखवणं बरोबर आहे का?

खडूवाले सर

मॅडम, मी पाथर्डीकडचा, निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीची सगळी वर्षं अशाच वर्गांवर गेली, म्हणून लांबलचक लिहितोय. सवडीनं वाचा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. स्वप्न दाखवणं बरोबरच आहे, पण त्याचा खर्च आणि वाट त्याच दिवशी दाखवली पाहिजे. नुसतं स्वप्न दाखवून लेकराला घरी पाठवू नका. घरी गेल्यावर बाप पहिला प्रश्न पैशाचाच विचारतो, आणि उत्तर नसलं की तिथंच विषय मिटतो.

तुमची मुलं ‘पास झालं तरी लई झालं’ म्हणतात ती आळसानं म्हणत नाहीत. त्यांनी हिशेब केलेला असतो. साठ पडले काय नि ऐंशी पडले काय, अकरावी शेजारच्या गावात आर्ट्सलाच, त्यानंतर बारावी, त्यानंतर बापाच्या बरोबर उसाच्या फडात. त्यांच्या नजरेत त्या वीस मार्कांनी काहीच बदलत नाही. मग त्यांनी पहाटे का उठावं? त्यांना आधी हे कळलं पाहिजे की कुठल्या मार्काला कुठलं दार उघडतं. आणि पास होणं ही आता वेगळी ओळख राहिलेली नाही. २०२५ च्या दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. पासच्या रांगेत जवळजवळ सगळेच उभे आहेत.

मी वर्गाच्या भिंतीवर मोठ्या माणसांचे फोटो लावणं बंद केलं होतं. त्या जागी एक तक्ता असायचा. आपल्याच शाळेतून गेलेली, आपल्याच आसपासच्या वाड्यांवरची मुलं. नाव त्यांच्या परवानगीनं. दहावीला किती पडले, पुढं कुठं गेला, राहिला कुठं, फी कुणी भरली, आज काय करतो. बस, एवढंच. पोरं मधल्या सुट्टीत त्या तक्त्यासमोर उभी राहून वाचायची, कारण त्यातल्या एकाची म्हैस त्यांनी ओळखलेली असायची. तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, मागच्या दहा वर्षांच्या मुलांना फोन लावा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हे होतं. वर्गातल्याच दोन पोरांना कामाला लावा, ती तुमच्यापेक्षा लवकर नंबर शोधून आणतील.

दारं कुठली, तर तुमच्या भागाला लागू पडणारी सांगतो.

शासकीय तंत्रनिकेतन. बीडला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे, लातूरला आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. पात्रतेला ३५ टक्के पुरतात, पण सरकारी जागा गुणवत्ता यादीनं भरतात, आणि चांगल्या शाखेला यादी वर थांबते. इथं साठ आणि ऐंशी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षा देता येतात. घरची ओढाताण असलेल्या मुलाला हा रस्ता फार जवळचा आहे, कारण तीन वर्षांत हातात काहीतरी येतं.

अकरावी सायन्स आणि मग सीईटी हा दुसरा. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे पोरानं शेजारच्याच कॉलेजात जावं असं काही राहिलेलं नाही, पण पसंतीक्रम नीट भरायला कुणीतरी शेजारी बसलं पाहिजे. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, हे मुलांना दहावीतच सांगा, त्यांची भीती निम्मी होते.

फौजेचं वेड तुमच्या वर्गात असणारच. बहुतेकांना भरतीचं मैदान तेवढं माहीत असतं. त्यांना सांगा की अधिकारी होण्याचा रस्ता दहावीतूनच निघतो. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलींसाठी नाशिकला आहे. दहावीत असतानाच परीक्षा द्यावी लागते. फॉर्मची जाहिरात येऊन जाते आणि डोंगरपट्ट्यात कुणाला पत्ताही लागत नाही, हे दरवर्षीचं आहे.

आयटीआयला कमी लेखू नका. इलेक्ट्रिशियन ट्रेड करून महावितरणमध्ये लागलेला मुलगा घराचं सगळं चित्र पालटतो. ज्याला हातानं काम करण्यात गोडी आहे त्याच्यासाठी तेच मोठं ध्येय.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नसते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेशातून (सरकारी कॅप फेऱ्यांतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागल्यावर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे वाक्य कागदावर छापून प्रत्येक मुलीच्या घरी पाठवा. आईच्या हातात द्या, वाचून दाखवा.

आता वेळेचं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आपल्या शाळांत दहावीची पालकसभा दिवाळीनंतर होते. तेव्हा पालक कुठं असतो? फडात. ज्या सभेला फक्त म्हाताऱ्या आज्या येतात तिला पालकसभा कसं म्हणायचं? मुकादमाशी, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराशी, बोलणी आणि उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) ही पावसाळ्यातच सुरू होते. एकदा उचल घेतली की त्या घराचे पुढचे सहा महिने ठरले. कोण जाणार, धाकटं लेकरू कोण सांभाळणार, कोपीवर, फडावरच्या झोपडीत, भाकरी कोण टाकणार, हे सगळं त्यातच ठरतं, आणि दहावीतली मुलगी असली तर तिचंही. तुमची सभा जुलैत झाली पाहिजे, उचलीच्या आधी. शाळेत बोलावू नका, वस्तीवर जा, संध्याकाळी सातनंतर. अजेंड्यावर एकच विषय ठेवा: दहावीतलं लेकरू नोव्हेंबर ते मार्च कुठं राहणार आणि त्याच्यावर लक्ष कुणाचं. स्वप्न, जिद्द यातलं काही बोलू नका.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. २०२१ साली ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं मंजूर झाली, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं, एक मुलींचं. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का, जागा किती, हे समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. फोनवर नीट उत्तर मिळत नाही.

तिसरी गोष्ट मार्कांची. ‘नव्वद पाड’ असं मी कुठल्याच पोराला कधी सांगितलं नाही. मागच्या वर्षीची गणित भाग १ ची बोर्डाची प्रश्नपत्रिका द्यायचो आणि निळी पेन्सिल. सोडवायचं काहीच नाही. जे आज येतंय त्याला खूण कर, म्हणायचो. तुम्ही गणिताच्याच आहात, तुम्हाला पेपर पाठ असेल: चाळीस मार्क, पहिल्या प्रश्नात आठ मार्कांचं सोपं काम, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ‘कृती पूर्ण करा’चे मिळून सात, जिथं अर्धं गणित छापूनच दिलेलं असतं आणि चौकटी भरायच्या असतात. बीजगणिताला दचकणारा एक मुलगा होता, आठवीपासून गणितात काठावर. त्यानं खुणा केल्या, बेरीज केली, पुन्हा केली. जूनमध्येच, काही न शिकता, चाळीसपैकी चौदा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, मंग पास तर आत्ताच हाय की.” त्या दिवसापासून पास हा विषय त्याच्यापुरता संपला. मग त्यानंच खाली लिहिलं, अंकगणिती श्रेढी आली की एवढे वाढतील, संभाव्यता आली की एवढे. आकडा त्याचा त्यानं काढला आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. प्रत्येक घटक चाचणीनंतर तो आकडा खोडायचा आणि नवा लिहायचा. वर्गात मोठ्यानं वाचायचा नाही, फळ्यावर लावायचा नाही, पालकांना सांगायचा नाही. तो फक्त त्याच्यात आणि माझ्यात.

अर्थनियोजनाच्या धड्यालाही एक काम करा. जीएसटीच्या बिलाबरोबर उसाच्या वजनाच्या पावत्या घ्या. घरात असतात. टनाला दर, एकूण टन, त्यातून मुकादमाचं कमिशन आणि उचल, शेवटी हातात काय उरलं. पोरं हे गणित जीव लावून करतात. माझ्या एका विद्यार्थ्यानं हिशेबातली चूक पकडली आणि बापानं मुकादमाकडून ती दुरुस्त करून घेतली. त्या बापानं पुढं पोराच्या शिक्षणाबद्दल कधी कुरकुर केली नाही.

शिबिराचं म्हणाल तर मुख्याध्यापकांशी भांडू नका. पाहुणे येऊ द्या, पण पाहुणा तक्त्यावरचा असू द्या.

कोयत्याचा पोरगा

सर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी त्या तक्त्यावरच्यासारखाच. शिरूर कासारकडचा. आई-वडलांचा एक कोयता (तोडणीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता), मी सहावीपर्यंत हंगामाला त्यांच्याबरोबरच असायचो. नंतर आजीपाशी राहिलो. दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर, आता चाकणला मेंटेनन्समध्ये इंजिनिअर आहे.

मॅडम, मला भाषणं आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की आमचे विज्ञानाचे सर दहावीच्या जुलैमध्ये आम्हा सात-आठ जणांना एसटीनं बीडला घेऊन गेले, तंत्रनिकेतन बघायला. त्या दिवशी वर्कशॉपला सुट्टी होती, पण तिथल्या एका साहेबांनी कुलूप काढून दिलं. लेथ मशीन बंद होतं. मी त्याच्या चकाला हात लावून बघितला, तेलकट, थंड. बाहेर एक पोरगा बसून जॉब (सरावाचा लोखंडी तुकडा) घासत होता, पायात माझ्यासारखीच स्लीपर, बोलायला पण आमच्यासारखाच, “काय रं, कोणच्या गावचे?” मला तोवर वाटायचं, इंजिनिअरिंग म्हणजे शहरातल्या, बूट घालणाऱ्या पोरांचं काम. त्या पोराशी दहा मिनिटं बोललो आणि डोक्यातलं ते वाटणं गेलं. हॉस्टेलची मेस बघितली, खोली बघितली, किती जण झोपतात, लाईट किती वाजता बंद होते, सगळं विचारून घेतलं. परत येताना एसटीत आम्ही कोण किती मार्क पाडणार यावरच बोलत होतो, सरांनी विचारलं पण नव्हतं.

म्हणून म्हणतो, जमेल तसं घेऊन जा. दाखवा. ३० किलोमीटरवर असलेली गोष्ट आमच्या पोरांनी कधी बघितलेली नसते.

दुसरं, सरांनी वडलांना एक चिठ्ठी लिहून दिली होती. वर्षाची फी एवढी, मेस एवढी, पुस्तकं एवढी, शिष्यवृत्तीतून एवढे परत, खिशातून एवढे. “पैशाची काळजी करू नका” असं ते कधी म्हणाले नाहीत. वडलांनी ती चिठ्ठी हंगामभर कोपीवर बांबूच्या फटीत खोचून ठेवली होती. त्यांना आकडा माहीत होता म्हणून त्यांनी तो जमवला.

आणि एक हात जोडून विनंती. वर्गात “ऊस तोडायचा नसेल तर शिका” असं कृपया कुणी म्हणू नका. आमच्या शाळेत म्हणायचे. चांगल्या मनानंच म्हणायचे. पण माझी आई थंडीत पहाटे चारला उठून ट्रॅक्टर भरायची, आणि मी वर्गात बसून ऐकायचो की तिच्यासारखं होऊ नका. मान खाली जायची. अभ्यास करावासा वाटायच्या ऐवजी वर्गातून उठून जावंसं वाटायचं. आईबापाच्या कष्टाची लाज दाखवून लेकरू वर चढत नाही. त्यापेक्षा सर म्हणतात तसं वजनाच्या पावत्यांचं गणित घाला, त्यात आईबापाचं काम वर्गात मानानं येतं.

लाईटचं बघा. डिसेंबर-जानेवारीत वस्तीवर रात्री लाईट असेलच असं नाही. शाळेची एक खोली सात ते नऊ उघडी राहिली आणि कुणीतरी मोठं माणूस बसलं, तर अर्ध काम होतं. मुलींना घरी सोडायला आळीपाळीनं पालक ठरवा, नाहीतर मुली येणार नाहीत.

ठाण्याची आई

मी वेगळ्या टोकावरून लिहितेय, चालेल ना? माझा मुलगा यंदा दहावीत. आमच्याकडे ‘कमी ध्येय’ हा प्रश्नच नाही. एप्रिलमध्येच क्लासनं प्रत्येकाच्या फाइलवर ‘९५+’ छापलेलं स्टिकर लावलं. माझ्या मुलाला नववीत ७८ होते. तो रात्री दीडपर्यंत जागतो आणि पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघत बसतो. पहिल्या चाचणीत ७१ पडले तेव्हा त्यानं मार्क आम्हाला सांगितलेच नाहीत. क्लासचा मेसेज आला तेव्हा कळलं.

म्हणून सरांचं ते वाक्य, की आकडा मुलानं स्वतः काढायचा आणि तो कुठं लावायचा नाही, मी दोनदा वाचलं. उंच उडी मारायला सांगताना ती पट्टी कुणी धरलीय हे मुलाला फार कळतं. मॅडम, तुमच्या मुख्याध्यापकांनी उद्या ‘सर्वांना ८० टक्के’ असं काही जाहीर केलं तर कृपया विरोध करा.

खडूवाले सर

ताई, तुमच्या मुलाला आज संध्याकाळी क्लासचा विषय न काढता जुनी प्रश्नपत्रिका आणि पेन्सिल द्या. ७१ कुठून आले ते त्याला दिसू द्या. ७१ म्हणजे बरंच येतंय. पुढचे आठ-दहा कुठल्या धड्यात आहेत ते त्याला स्वतःला सापडलं तर तो रात्री लवकर झोपेल. आणि ते स्टिकर फाइलवरून काढा, खरंच काढा.

कोयत्याच्या पोरा, तुझ्या सरांनी दिलेल्या चिठ्ठीची कल्पना मला नवी आहे. फार आवडली. तू सुट्टीला गावी येशील तेव्हा मॅडमच्या शाळेत जाशील का? शिबिराचा पाहुणा मिळाला म्हणायचं.

बालाघाटची मास्तरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुख्याध्यापकांशी बोलले. शिबिर रद्द होणार नाही, पण पाहुणे म्हणून आपलेच तीन माजी विद्यार्थी बोलवायला ते तयार झाले. त्यात एक मुलगी आहे, नर्सिंगला असलेली. रजिस्टर काढलंय, फोन सुरू केलेत. वस्तीवरच्या सभा जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत लावतेय. बीडच्या सहलीसाठी एसटीच्या तिकिटांचा खर्च शिक्षकांनी वाटून घ्यायचं ठरवलं. सात ते नऊच्या खोलीबद्दल अजून बोलणी चालू आहेत, शिपाईमामांचा प्रश्न आहे.

निळ्या पेन्सिलीचा प्रयोग सुट्टीतच, घरी आलेल्या पाच मुलांवर करून बघितला. ट्रॅक्टरवाली मुलगी त्यात होती. तिच्या खुणांची बेरीज चाळीसपैकी सव्वीस झाली. दहावीचं काही न शिकता. ती खूष होईल असं मला वाटलं होतं. ती गप्प बसली. बाकीची गेल्यावर म्हणाली, “मॅडम, मामा स्थळ बघतोय. हंगामाच्या आत उरकायचं म्हणत्यात.” तिची थोरली बहीण अशीच गेली, लग्न झालं की नवराबायकोचा एक कोयता होतो, उचल वाढते. मुलीचं वय पंधरा. साठ पडले तरी बास का म्हणत होती ते मला आता कळलं.

या बाबतीत कुणी काम केलं असेल तर लगेच सांगा. मला तिच्या घराशी वैर घ्यायचं नाही, पण हे होऊही द्यायचं नाही.

पर्यवेक्षिका, एकात्मिक बालविकास

मॅडम, मी शेजारच्याच जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. अशा घरांत अनेकदा गेलेय. थेट सांगते.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं मुलीचं १८ पूर्ण लागतं. गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तारीख ठरल्याचं कळलं तर १०९८ वर फोन करा, २४ तास चालू असतो, तुमचं नाव सांगितलं जात नाही. हे माहीत असू द्या, पण पहिल्या भेटीत यातला शब्दही काढू नका. अजून तारीख ठरलेली नाही, तुमच्या हातात पावसाळा आहे.

आधी आईला भेटा, एकटीला, आणि अंगणवाडी सेविकेला बरोबर न्या. सेविका गावातली असते, तिच्यापुढं आई खरं बोलते. बहुतेक वेळा आईच्या मनात पैशाइतकीच भीतीही असते. आपण सहा महिने नसणार, वयात आलेली पोर म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर कशी ठेवायची? गावात काही झालं तर? या भीतीला ‘मुलगी हुशार आहे’ हे उत्तर पुरत नाही. तिला राहायला कुलूपबंद, सुरक्षित जागा हवी. वसतिगृहाचा छापील अर्ज हातात घेऊनच पहिल्यांदा जा. खोली कुठं, गृहपाल बाई आहे का, भेटायला कधी येता येतं, फोन कधी करता येतो, ही उत्तरं तुमच्याकडे तयार पाहिजेत. आजीला एकदा वसतिगृह दाखवून आणा. आजीनं होकार दिला तर मामाचं चालत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग वडलांना. त्यांच्यासमोर वर सरांनी सांगितलेला मुलींच्या फीचा शासन निर्णय ठेवा, आणि त्या भाऊंनी सांगितलेली आकड्यांची चिठ्ठी. बापाला असं वाटलं पाहिजे की पोरीचा खर्च आपल्या अंगावर येत नाही. तुमच्या नर्सिंगवाल्या माजी विद्यार्थिनीला त्याच वेळी बरोबर न्या. तिला जास्त बोलू देऊ नका, नुसती शेजारी बसू द्या, पगार विचारतील तेव्हा सांगू द्या.

मुलीला दोन गोष्टी द्या: तुमचा फोन नंबर पाठ करून घ्या, वहीत लिहिलेला चालत नाही, आणि तिच्या एका मैत्रिणीला विश्वासात घ्या. बातमी आधी मैत्रिणीलाच कळते.

शेवटचं, हे सगळ्या ४१ मुलांसाठी. जूनमध्येच उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, आधार आणि बँकेचं खातं जोडलेलं आहे का, हे एकेकाचं तपासा. नॉन-क्रिमीलेअर लागणाऱ्यांचं आत्ताच सुरू करा, वेळ लागतो. वसतिगृह, शिष्यवृत्ती, तंत्रनिकेतन, सगळीकडे हेच कागद आणि पालकाची सही लागते. आईवडील कर्नाटकातल्या फडावर पोचल्यावर सहीसाठी कुणीही परत येत नाही. महसूलचं दाखले शिबिर तुमच्या शाळेत लावायला तहसीलदारांना मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या. ते देतात, आमच्याकडे दिलंय. तुमचा तालुका कुठला ते मला इथल्या खासगी निरोपात कळवा, तिथली पर्यवेक्षिका माझ्या ओळखीची असेल तर उद्याच बोलते.